पनीरच्या पाण्याचे दहा रुपये

दहा रुपयांवरून मी दीड महिना डोकं खाजवत बसेन असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण झालं तसंच. फेब्रुवारीतली संध्याकाळ, कोपऱ्यावरच्या डेअरीत पनीर घ्यायला गेले होते, इंदूरच्या राजेंद्रनगरात राहायला आल्यापासून म्हणजे एकोणीस वर्षं तिथूनच घेतोय, आणि सवयीने पिशवीतून स्टीलची बरणी काढून काउंटरवर ठेवली. काही बोलावं लागत नाही. पोरगा आत जातो, पातेल्यातलं पनीरचं पाणी गाळून बरणीत भरून आणतो, ते हिरवट-पिवळं कोमट पाणी, त्याला एक आंबूस वास असतो जो मला आवडतो आणि घरात बाकी कोणालाही आवडत नाही. त्या दिवशी पोरगा हललाच नाही. मालकांकडे बघायला लागला. मालक मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "दीदी, अब इसके दस रुपये लीटर हो गए." मी म्हटलं अच्छा, आणि दिले. सुटे होते म्हणून दिले की लाज वाटली म्हणून, माहीत नाही. घरी येईपर्यंत मात्र डोक्यात गिरमिट सुरू झालं होतं. पाण्याचे पैसे! जे हा माणूस काल-परवापर्यंत मोरीत ओतत होता त्याचे!

राग दहा रुपयांचा नव्हता एवढं नक्की. त्याच हाताने मी त्याला पनीरचे शंभरावर रुपये दिले होते आणि तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

ते पाणी कशाला लागतं म्हणाल तर कणीक भिजवायला. आमची आजी रामबागेतल्या घरी दूध फाटलं की कधी हळहळली नाही, उलट तिचा दिवस चांगला जायचा. फाटलेल्या दुधात साखर घालून आटवायचं आणि वरचं पाणी पोळ्यांना किंवा कढीला. त्या पाण्यातल्या पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, करून बघा. आजीच्या स्वयंपाकघरात 'टाकायचं' असा वेगळा डबाच नव्हता, खरंच नव्हता. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची तीळ घालून चटणी, कोथिंबिरीची देठं आमटीत, शिळ्या पोळीचा मलिदा, उन्हाळ्यात बटाट्याचा कीस केला की पातेल्याच्या तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व वाळवून आजोबांच्या धोतराला खळ. ते सत्त्व ओलं असताना बोटाने दाबलं की करकरायचं, आम्ही पोरं त्यासाठी भांडायचो. आंब्याच्या कोयी पावसाळा येईपर्यंत पत्र्यावर वाळत पडलेल्या असायच्या, मग फोडून आतला गर उकडून, मीठ लावून, वाळवून सुपारी. तुरट, पण जेवण झाल्यावर तोंडात एक तुकडा हवाच असायचा. कोंड्याचा मांडा करून खाणारी बाई होती ती. आणि तरी जे उरायचं, टरबुजाची सालं, कोबीचा बाहेरचा पाला, फणसाचं चारखंड, ते गल्लीच्या टोकाला गवळ्याच्या म्हशींना. मी आणि भाऊ टोपली घेऊन जायचो, म्हैस ती जाड खरखरीत जीभ काढून टोपलीच नाकाने ढकलायची. त्याचे पैसे गवळी देत नव्हता आणि आजी मागत नव्हती. पण दिवाळीच्या आधी खरवसाचं दूध यायचं, न सांगता, पितळी लोट्यात. हिशेब होता, फक्त वहीत नव्हता.

मग शहर स्वच्छ व्हायला लागलं आणि वस्तीतले गोठे बाहेर गेले. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या, मीसुद्धा, कारण माश्या आणि शेण आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी कोणाला हव्या होत्या. 2017 ला स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हा पेढे वाटले लोकांनी. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती, ती आता या दहा रुपयांनी आणून दिली. टरबुजाची सालं तीच होती. म्हैस होती तोवर तो चारा होता, म्हैस गेली त्या दिवसापासून तो कचरा झाला.

आता तो कचरा पिवळ्या गाडीत जातो. सकाळी गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की आमच्या बिल्डिंगमध्ये जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते, एकजण दात घासत डबा घेऊन उतरतो, दुसरी ओले केस पंच्यात गुंडाळून. गीला वेगळा, सूखा वेगळा, तिसरा डायपर वगैरेचा. एकदा गाडीवरच्या ताईने माझा ओल्याचा डबा परत माझ्या हातात दिला. सगळ्यांसमोर. मला कळेना काय झालं. तिने बटाट्याच्या सालांमधून दोन बोटांनी दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा उचलून दाखवला, नखाएवढा त्रिकोण. "ये गीला है क्या, मैडम?" मी एम. कॉम. झालेली बाई, बत्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासते, आणि मला एक पोरगी नखाएवढ्या प्लास्टिकवरून नापास करत होती. तेव्हापासून आमच्या घरी पिशवीचा कोपरा पूर्ण कापत नाहीत, लटकता ठेवतात. नवऱ्याने दोनदा विसरून पूर्ण कापला, त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

तो त्रिकोण एवढा महत्त्वाचा का, हे पुढे कळलं. देवगुराडियाला बायो-सीएनजीचा कारखाना आहे, 19 फेब्रुवारी 2022 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं तो. रोजचा 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची तेव्हाची क्षमता, त्यातून रोज साधारण 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत निघेल असा हिशेब होता. कचरा दळून त्याची पातळ भरड करतात आणि हवाबंद टाक्यांमध्ये सोडतात, आत जिवाणू ती खातात आणि गॅस सोडतात. गोबरगॅसच, फक्त राक्षसाच्या मापाचा. हे जिवाणू आपल्यासारखेच, जेवणात प्लास्टिक आलं की त्यांना ते पचत नाही, आणि त्यांच्या आधी पंप आणि पाइप तुंबतात. म्हणजे कारखान्याचे दीडशे कोटी एका बाजूला आणि माझ्या कात्रीखालचा त्रिकोण दुसऱ्या बाजूला. लोकांना वाटतं कचऱ्यातून पैसा मशीन काढतं. मशीन नंतर येतं. आधी कोणीतरी सकाळी साडेसातला सालं आणि पिशवी वेगळी करावी लागते, आणि ते काम लाखो स्वयंपाकघरांत होत असेल तर त्याचा पगार कोणी कोणाला देत नाही. पगार दिला असता तर गॅस परवडलाच नसता, हे मात्र मी लिहून देते.

परवडतो म्हणजे तरी किती, म्हणून मी एक उद्योग केला. किचनचा वजनकाटा घेतला आणि आठवडाभर ओल्याचा डबा मोजला. नवरा म्हणाला तुला आता खरंच रिटायर व्हायला हवं. आठवड्याचे भरले पाच किलो चारशे ग्रॅम, त्यात दोन दिवस हिरव्या मटारची टरफलं होती म्हणून जरा जास्त. आता 550 टनांना 17,000 किलो म्हणजे एका किलोला एकतीस ग्रॅम गॅस. माझ्या आठवड्याच्या डब्याचा गॅस झाला एकशे सदुसष्ट ग्रॅम. किलोला नव्वद रुपये भाव धरला तर पंधरा रुपये. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारलं, म्हणाला किलोला तीस-पस्तीस किलोमीटर जाते. म्हणजे सात दिवस मी जे सोललं, निवडलं, गाळलं, त्याच्यावर रिक्षा राजेंद्रनगरहून निघाली तर राजवाड्याला काही पोचत नाही. महू नाक्याच्या आसपास बंद पडते.

पंधरा रुपये! आणि त्यासाठी रोज एक गाडी, ड्रायव्हर, ती ताई, डिझेल, ट्रान्सफर स्टेशन, मोठा ट्रक. हे गणित एकटं उभंच राहत नाही. कचऱ्यात वजन असतं ते बहुतेक पाण्याचं, आपण गावभर पाणी वाहून नेत असतो. मग हे चालतं कसं? तर दुसऱ्या बाजूला जो खर्च वाचतो तो मोजला तर चालतं. ज्यांनी जुना ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे कचरा डेपो, पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. माझी मावशी त्या बाजूला राहायची, तिच्याकडे जेवायला बसलं आणि वारा फिरला की भाताचा घास तोंडापर्यंत जायचा नाही. उन्हाळ्यात ढिगाला आग लागायची, आठवडा आठवडा धुमसत राहायची, वाळत घातलेल्या साड्यांना तो वास बसायचा आणि धुऊनही जायचा नाही. मावशीला दमा होता. आता तो ढीग नाही, लाखो टन जुना कचरा चाळून, वेगळा करून जमीन मोकळी केली आणि तिथे झाडं लावली. मावशीही नाही. तिच्या पंपाचे आणि डॉक्टरचे पैसे कोणत्या खात्यात धरायचे? धरले तर माझा डबा पंधरा रुपयांचा राहत नाही, बराच महाग होतो. पण ते पैसे कोणाच्या हातात पडत नाहीत, फक्त जायचे थांबतात, आणि जायचे थांबलेले पैसे बॅलन्सशीटमध्ये दिसत नाहीत. आमच्या धंद्याची ही जुनी खोड आहे.

ही गोष्ट मला सराफ्यात कळायला हवी होती, खरं तर लहानपणीच. सराफ्यात रात्री खायला सगळं गाव जातं, पण आजोबांबरोबर मी दिवसा जायचे, त्यांचे एक मित्र सोनारकाम करायचे. दुकान झाडलं की केर टाकायचा नाही, डब्यात साठवायचा. बसायच्या गादीवरचं फडकं झटकायचं तेही डब्यातच. मग न्यारिया यायचा, आपल्याकडे झारेकरी म्हणतात तो, आणि ती धूळ तोलून विकत घ्यायचा. धूळ! मी आजोबांना विचारलं होतं की हा वेडा आहे का. तो ती धुवून, चाळून, जाळून त्यातला कण कण काढायचा, आणि दुकानांसमोरच्या नालीतला गाळसुद्धा त्यांच्यातले लोक सोडायचे नाहीत. तेच शटर रात्री बंद झालं की त्याच फळीसमोर भुट्ट्याचा कीस परतायला आणि गराडू नावाचा कंद तळायला बसतात, आणि तिथला केर, कणसाची बुरकुंडं, द्रोण, हे न्यायचे पैसे उलट द्यावे लागतात. एकाच ओट्यावरचे दोन केर. एकाला मालक आहे, दुसऱ्याला नाही. सोन्याच्या धुळीला मालक असतो कारण थोडक्या जागेत पुष्कळ किंमत असते आणि ती वर्षभर डब्यात पडली तरी सडत नाही. कणसाचं बुरकुंड जागा खातं, आणि किलोभर विकलं तरी रिक्षाभाडं सुटत नाही. खाण्यापिण्याच्या कचऱ्याची सगळी दुखणी या दोन वाक्यांत आहेत. नासतो लवकर, आणि ओला असतो म्हणून जड.

नासण्यावरून आठवलं, भाताचा कोंडा. आजी ज्याला कोंडा म्हणायची त्यातून आता राइस ब्रॅन तेल निघतं, आमच्याकडेही तेच येतं डॉक्टरांनी सांगितल्यापासून. तांदूळ सडून कोंडा सुटा झाला की त्यातलं तेल काही तासांतच खवट व्हायला लागतं, त्याच्यातच तसा पाचक रस असतो. म्हणून गिरणीतून निघाल्याबरोबर त्याला वाफेवर गरम करून गप्प बसवावं लागतं, नाहीतर लवकर तेलगिरणी गाठावी लागते. जवळ गिरणी असेल तर तेल, लांब असेल तर गुरांचं खाद्य. म्हणजे एकाच कोंड्याचं काय होणार हे कोंड्यावर नाही, रस्त्यावर ठरतं.

आता माझा भाचा. वय बावीस, जिममध्ये जातो, आणि त्याच्या खोलीत एक काळा भलामोठा डबा आहे, बादलीएवढा, व्हे प्रोटीनचा, किलोला तीन हजारांच्या घरातला. आठवडाभर माझं डोकं पनीरच्या पाण्यात होतं म्हणून मी त्याला म्हटलं, अरे हे तेच आहे, मी बरणीत आणते ते. तो म्हणाला मामी काहीही. मग मी वाचलं, म्हणजे हल्ली सगळे वाचतात तसं मोबाईलवर, आणि त्यात आम्ही दोघंही अर्धे बरोबर निघालो. चीज करताना एक किलो चीजमागे नऊ लिटर पाणी निघतं, युरोप-अमेरिकेत पूर्वी ते डुकरांना घालायचे किंवा सरळ नदीत सोडायचे. नदीतला प्राणवायू ते असा खायचं की मासे मरायचे. मग तिथे सोडायला बंदी आली, आणि दूध गाळायच्या बारीक पडद्यांची यंत्रं आली, आणि ज्याची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागत होते त्याची पावडर विकायला लागले. पण त्या पाण्यात प्रोटीन शंभरात एकसुद्धा नाही, पाऊण धरा. किलोभर प्रोटीन काढायला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी गाळायचं. एवढं पाणी रोजच्या रोज, ताजं, एका जागी, ज्याच्याकडे असेल त्यालाच ते यंत्र परवडणार. आणि माझं पाणी तर आणखी गरीब. पनीरसाठी दूध आधी उकळीच्या जवळ नेतात, त्या उष्णतेत पाण्यातलं बरंचसं प्रोटीन पनीरमध्येच अडकतं. म्हणून पनीर भरघोस निघतं आणि पाणी पातळ. भाच्याच्या डब्यात माझ्या डेअरीचं पाणी नाही, कधी असणारही नाही. मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे मामी, मी परदेशातल्या मोरीचं पितोय? मी म्हटलं हो, पण गाळून.

हसलो दोघंही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात आलं ते वेगळंच, की आजीने आयुष्यभर जे फुकट केलं त्याला आता नाव आलंय, सेमिनार होतात, तरुण मुलं त्यावर स्टार्टअप काढतात. चांगलंच आहे ते, मला खरंच वाटतं चांगलं आहे. संत्र्याच्या सालीतून पेक्टिन काढतात, जॅम घट्ट करायला. आणि आंब्याच्या कोयीचं ऐकून तर मी उठून बसले. कोयीच्या आतल्या गरात जी चरबी असते ती चॉकलेटमध्ये जाते, कोको बटरसारखीच खोलीच्या तापमानाला घट्ट आणि तोंडात विरघळणारी. युरोपात 2000 साली नियम झाला की चॉकलेटमध्ये कोकोशिवाय दुसरी वनस्पती-चरबी घालायची तर पाच टक्क्यांपर्यंत, आणि तीही सहाच प्रकारची. त्या सहांत आपला कोकम आहे, साल वृक्षाचं बी आहे, आणि आंब्याची कोय आहे. पत्र्यावर वाळणाऱ्या आमच्या कोयी! रस काढणाऱ्या कारखान्यात त्या डोंगराएवढ्या एका जागी पडतात म्हणून जमतं. घराघरांतून गोळा करायला निघालात तर कोय नेणाऱ्याचा पेट्रोलचा खर्चच कोयीपेक्षा जास्त, म्हणून घरची कोय सुपारीपुरतीच. आणि सुपारी करणारी तर गेली. मी कोयी ओल्याच्या डब्यात टाकते. त्या तिथेही फारशा कामाच्या नाहीत, लाकडासारखं टरफल, जिवाणूंना चावता येत नाही.

ज्याच्याकडे ढीग, त्याच्याकडे भाव. मी ज्या नमकीनवाल्यांचे हिशेब बघते त्यांच्याकडे हे रोज दिसतं. शेव तळून काळं झालेलं तेल पूर्वी 'किरकोळ' मध्ये जायचं, कोणीतरी पत्र्याचे डबे घेऊन यायचा, काही पैसे टेकवायचा, पुढे ते कुठे जातं हे कोणी विचारत नव्हतं आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना माहीत होतं. ते गाडीवर जायचं, समोसे तळायला. मग 2018 मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम लागू झाला, तेलातले खराब घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणातून बाद, आणि 2019 पासून दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची. बाद तेल बायोडिझेलला द्या म्हणाले. आता माझ्या वहीत त्याला स्वतःची ओळ आहे, पावती आहे, टँकरवाल्याचा जीएसटी नंबर आहे. मला ती ओळ आवडते. पण एक गोष्ट त्या ओळीत येत नाही, ती अशी की बायोडिझेलवाला आणि गाडीवाला हे एकाच डब्याचे दोन गिऱ्हाईक आहेत, आणि ज्या महिन्यात ताजं तेल महागतं त्या महिन्यात गाडीवाला जास्त देऊ शकतो. नियम पाळला जातो तो बऱ्याचदा भाव जुळतो म्हणून. जुळला नाही की मला व्हाउचर जरा जास्त निरखून बघावं लागतं.

इतकं सगळं फिरून मी परत डेअरीतच आले होते, म्हणजे मनाने. दहा रुपये का लागले हे मी शेवटी मालकांना विचारलंच, मार्चच्या सुरुवातीला, दुकानात कोणी नव्हतं तेव्हा. ते मोकळेपणाने बोलले, वाईट माणूस नाहीच तो. म्हणाले एकजण पिकअप घेऊन येतो संध्याकाळी, शहराबाहेर त्याचा गोठा आहे, पाच-सहा डेअऱ्यांचं पाणी निळ्या ड्रममध्ये भरून नेतो, लिटरला एक रुपया देतो. एक रुपया! आणि मला दहा? तर म्हणाले दीदी, वो पूरा ले जाता है, रोज. आप तो कभी-कभी आती हो. बरणी धुवायची, गाळायचं, पोरगा पाच मिनिटं त्यात जातो. मी मनातल्या मनात त्यांचा हिशेब तपासला आणि तो बरोबर होता, त्याचाच राग आला. मग मी विचारलं, ती म्हातारी बाई यायची ना, शेळ्यांसाठी डबडं घेऊन, पलीकडच्या झोपडपट्टीतली? ते म्हणाले, "अब नहीं आती." तिला दहा सांगितले होते की एक, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गवळ्याच्या म्हशी शहरातून बाहेर गेल्या, आणि आता त्यांच्यासाठी पाणी पिकअपने बाहेर जातं. मध्ये एक रुपया आला, आणि डिझेल.

रंगपंचमीला दुपारनंतर पाहुणे येणार असा फोन आला. इंदूरला रंगपंचमी म्हणजे काय ते इंदूरकरांना सांगायला नको, राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की अर्धं शहर रंगात आणि उरलेलं अर्धं ट्रॅफिकमध्ये. संध्याकाळी महानगरपालिकेची माणसं रस्ते धूत होती, गुलालाचं गुलाबी पाणी गटाराकडे वाहत होतं, आणि डेअरीचं शटर अर्धं उघडं होतं. मी वाकून आत गेले. पनीर संपलं होतं, दुपारीच संपलं होतं सगळं. पण पोरगा मागच्या मोरीपाशी उभा होता, केसांत अजून हिरवा रंग, आणि निळा ड्रम तिरका करून पाणी ओतत होता. पिकअपवाला गेरमुळे आलाच नव्हता, आणि उद्यापर्यंत ते आंबून गेलं असतं. भडभड आवाज करत ते जात होतं, तोच वास, खूप जास्त, आजीच्या स्वयंपाकघराएवढा. पन्नास-साठ लिटर तरी असेल.

मी बरणी पुढे केली. पोराने मालकांकडे बघितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि क्षणभर काही बोलले नाहीत, आणि मला अगदी स्पष्ट कळलं त्यांच्या डोक्यात काय चाललंय, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आज फुकट दिलं तर उद्या मी दहा रुपये का देईन.

मी पर्स उघडली. पोराने ड्रम जरासा सरळ केला, बरणी भरली, वरून फेस पुसला आणि झाकण लावून माझ्या हातात दिली, आणि मग ड्रम परत तिरका केला.

त्या दिवशी छोले केले, आणि पोळ्या. पाहुण्यांमधल्या एका वहिनी म्हणाल्या, अगं किती मऊ झाल्यात, तूप जास्त घालतेस का कणकेत?

मी हो म्हटलं.